रकाना सातवा

पंचायतीने मला वही दिली आहे, हिरव्या पुठ्ठ्याची,
वर वाघाचे चित्र.
आमच्या वाड्यावर वाघाचे नाव घेत नाहीत,
'व्हडलो' म्हणतात, तेही रात्री नाही.
पानावर दहा रकाने. एका नोंदीचे पंचवीस रुपये.
मी बारावी झाले, अक्षर बरे आहे, म्हणून मी.

द्वारकी वेळीप दारात बसून
सागाच्या पानात अळमी बांधत होती,
पन्नासाचा एक वाटा, मोजणी ओठातल्या ओठात.
"नाव काय लिहिलंस?"
रोयणीची अळमी.
"रोयणीची कशी? सांतेरीची.
रोयण हे तिचं घर. आपण तिच्या पडवीतून उचलतो."
रकाना एक: दोन्ही नावे लिहिली.
रकाना दोन शास्त्रीय नावाचा,
तो पणजीहून कुणी येऊन भरणार आहे.

रकाना चार, उपयोग: शाक. विक्री.
आणि जागा संपली म्हणून समासात, बारीक:
धाकटीची नर्सिंगची फी, पहिला हप्ता.
सतरा कौले.
सासऱ्याच्या डोळ्यासाठी मडगावच्या तीन खेपा.

रकाना पाच, धोका.
"रोहिदास लिही," म्हणाली, आणि हसली.
रोहिदास वनरक्षक, गावडोंगरीचा,
त्याची आईही हमरस्त्यावर टोपली घेऊन बसायची.
गेल्या श्रावणात त्याने द्वारकीची टोपली जप्त केली.
कार्यालयात दोन दिवसांत सगळी काळी पडली.
तो नाश कुणाच्या नावावर, हे पंचनाम्यात नाही.

मग हसू आवरून तिने खरा धोका सांगितला:
"किनाऱ्यावरच्या हॉटेलांना कळ्या हव्यात.
कळीचे दहा, उघडलेलीचे पाच.
छत्री उघडली की खालून बी झडतं, धुरासारखं,
ते घरी नेतात वाळवीचे कामगार.
कळीच खुडली तर झडणार काय?
आणि पोरं आता कोयत्याने रोयणच फोडतात.
आई माझी दहातल्या तीन सोडायची.
मीही सोडते. मागून येणारा त्या तीन घेतो.
तोडलेल्याला भाव आहे, बाय.
सोडलेल्याचे पैसे कोण देतं?"

असा रकाना वहीत नव्हता.
समितीच्या बैठकीत मी उभी राहून तेच विचारले.
पंख्याचा आवाज आला. मग चहा आला.
सरपंच म्हणाले, लेखी द्या.

बायकांनी लेखी दिले नाही.
सात जणींनी वडाखाली बसून ठरवले,
कळी विकायची नाही, उघडलेलीचे आठ, कमी नाही.
पहिल्या दिवशी हॉटेलची जीप थांबली, निघून गेली.
सात घरांत दोन दिवस अळमीचेच तोणाक.
तिसऱ्या दिवशी जीप परतली, सातला तुटले.
आठवी बाई चावडीला जाऊन कळ्या विकून आली;
तिला कुणी काही बोलले नाही,
तिच्या घरात ताप होता.

राहिला रकाना सात. ठिकाण.
अक्षांश, रेखांश. मी फोन काढला.
द्वारकीने पानाची गाठ दाताने आवळली.
"ही वही कुठं जाते?"
पंचायत. तालुका. पणजी. मग संगणकात.
"म्हणजे सगळ्यांकडे."
बराच वेळ ती काहीच बोलली नाही.
मग कमरेचे कापड खोचून उठली:
"तुला नेते. वहीला नाही."

मी जाऊन आले. किती चाललो, सांगणार नाही.
रोयण माझ्या खांद्याएवढी होती,
पायथ्याशी सुकलेले एक जास्वंद,
आणि भोवती पांढरे, इतके पांढरे,
की मी चपला काढल्या.

रकाना सात: द्वारकी वेळीप यांना विचारावे.

तालुक्याहून पान परत आले,
सातव्याभोवती लाल गोल, 'अपूर्ण'.
नोंदीचे पंचवीस रुपये अडले.
सातच्या भावाने साडेतीन अळमी.
तेवढ्या मी रानात सोडून आले,
असे धरते.